दप्तर, अंगठा आणि सरकारी संगणक

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत संपत आली होती. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक विद्यार्थिनी माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती समितीचे काम माझ्याकडे असल्यामुळे असे येऊन उभे राहणारे पुष्कळ असतात. ती म्हणाली, "सर, माझा फॉर्मच उघडंना." चौकशी केली तेव्हा कळले ते असे. पहिल्या वर्षी तिने तालुक्याच्या स्टँडजवळच्या एका नेट कॅफेत अर्ज भरला होता. खाते त्या दुकानदारानेच उघडले, पासवर्ड त्यानेच ठरविला आणि मोबाईल नंबरही स्वतःचाच टाकला. कारण तिच्या घरात मोबाईल एकच, आणि तो बापाबरोबर ऊसतोडीला गेलेला. हे सारे त्या दुकानदाराच्या दोनशेपानी वहीत लिहून ठेवलेले होते. यंदा दुकान बंद झाले. दुकानदार पोट भरायला पुण्याला गेला आणि त्याच्याबरोबर वहीही गेली. आता संकेतस्थळ हिला ओळख विचारीत होते आणि ओळखीचा ओटीपी जात होता एका परक्या माणसाच्या खिशात.

जाताना तिने सहज सांगितले, "सर, आमच्या वस्तीतल्या सगळ्या पोरांचं त्या वहीत आहे. आधार, बँक, जातीचा दाखला, सगळं."

ती गेल्यावर ती वही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आमच्या आजोबांच्या पिढीने कुलकर्ण्याचे दप्तर पाहिले होते. त्या दप्तरात काय लिहिले आहे हे आम्हाला वाचता येत नव्हते. पण आमची जमीन, आमचे वतन, आमचे देणे सारे त्यातच होते. अक्षरशून्य शेतकऱ्याला लेखणीवाले कसे नाडतात, कचेरीच्या दारात त्याला कसा फिरवितात, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तपशिलाने दाखविले. आता दप्तर कापडात बांधलेले नाही, ते संगणकात आहे. आपण शिकलो, लिहू-वाचू लागलो. परंतु हे नवे दप्तर कोठे आहे, त्याची किल्ली कोणाकडे आहे आणि ते कोणी पळविले, जाळले किंवा त्यातली एखादी ओळ खोडली तर आपले काय होईल, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल?

सरकारी संगणकांवर होणारे हल्ले आणि त्यांपासूनचे संरक्षण हा विषय इंजिनिअरांचा आणि पोलिसांचा आहे अशी आपली समजूत असते. आपल्या परिषदांतून, शिबिरांतून तो कधी येत नाही. प्रस्तुत लेखात मला एवढेच म्हणावयाचे आहे की तो आपला विषय आहे. ज्याला खाजगी दवाखाना आहे, खाजगी शाळा आहे, घरात साठविलेले धान्य आहे, त्याचे सरकारी संगणक चार दिवस बंद पडल्याने फारसे बिघडत नाही. ज्याला सरकारखेरीज दुसरे दारच नाही, त्याचे सारेच अडते.

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणक नको, जुना कागदच बरा होता, असे मी म्हणत नाही. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तिच्या जोरावर आपल्या किती पिढ्या शिकल्या हे नव्याने सांगावयास नको. परंतु त्या पैशाला मधल्या वाटेत किती हात लागत असत हेही आपण अनुभवले आहे. सहीसाठी थांबवून ठेवणारा कारकून, परीक्षा झाल्यावर निघणारा धनादेश, 'चहापाणी' हे सारे आठवून पाहावे. आज पैसा थेट खात्यात येतो. हा बदल चांगला आहे. जे चांगले आहे तेच राखावे लागते, म्हणून हा विचार.

संरक्षण म्हणजे नेमके कशाचे संरक्षण? या शास्त्राचे जाणकार तीन गोष्टी सांगतात. आपल्या भाषेत त्या अशा मांडता येतील: माहिती गुप्त राहिली पाहिजे, माहिती खरी राहिली पाहिजे आणि माहिती वेळेला हजर राहिली पाहिजे. या तिन्हींपैकी कोणत्याही एकीवर घाव घातला की तो हल्लाच.

पहिली गोष्ट गुप्ततेची. सवर्ण माणसाचा पत्ता आणि खातेनंबर फुटला तर त्याचे पैसे जाण्याची भीती असते. आपल्या माहितीत याखेरीज आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे जात. शहरात खोली भाड्याने घेताना आडनावाच्या पुढचे प्रश्न कसे येतात हे ज्यांनी सोसले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कोणाला आपली जात सांगावयाची आणि केव्हा सांगावयाची हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. दाखल्यांचा गठ्ठा चव्हाट्यावर आला की तो अधिकार कायमचा जातो. आणि गंमत अशी की यासाठी हल्लेखोराची गरज असतेच असे नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये झारखंड सरकारच्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक, पत्ते आणि बँकेचे तपशील उघडे पडलेले आढळले. कोणी कुलूप फोडले नव्हते. कुलूप लावलेच नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी' या अभ्याससंस्थेने केवळ चार सरकारी संकेतस्थळांचा अभ्यास करून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक असे उघड्यावर असल्याचा अंदाज मांडला. त्या चारांत रोजगार हमीचे संकेतस्थळ होते, निराधारांच्या निवृत्तिवेतनाचे होते. म्हणजे उघडे पडले ते कोण? मातीकाम करणारे मजूर आणि म्हाताऱ्या विधवा.

दुसरी गोष्ट खरेपणाची. मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना गायरानाचे उदाहरण लगेच पटेल. भूमिहीनांनी कसलेल्या गायरान जमिनी त्यांच्या नावे करण्यासंबंधीचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासननिर्णय १४ एप्रिल १९९० ही तारीख प्रमाण मानतो. त्या तारखेपूर्वी ताबा होता हे दाखविण्यासाठी आपली माणसे गाव नमुना एक-इ, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीतला उतारा, मिळवावयास वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात. आता कल्पना करा की ही नोंदवही संगणकात आहे आणि कोणी तरी १९८९ चे १९९१ केले. आग नाही, धूर नाही, मारहाण नाही. दोन आकडे बदलले आणि एका कुटुंबाची तीन एकर जमीन गेली. कागदावर खाडाखोड केली तर डाग तरी राहतो. संगणकात डाग राहत नाही. तो मुद्दाम ठेवावा लागतो. कोणी, केव्हा, कोणत्या यंत्रावरून कोणती नोंद बदलली याची आपोआप लिहिली जाणारी रोजनिशी ठेवणे आणि ती नोंद बदलणाऱ्यालाच पुसता येणार नाही अशी ठेवणे, हा संरक्षणाचा मोठा भाग आहे.

तिसरी गोष्ट हजर राहण्याची. माहिती चोरीला गेली नाही, बदललीही नाही. पण हवी तेव्हा मिळाली नाही तर काय होते? याचे आपल्या देशातील सर्वांत ठळक उदाहरण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे, म्हणजे 'एम्स'चे आहे. ते जरा विस्ताराने पाहू.

एम्स १९५६ साली स्थापन झाली. उत्तर भारतातील गोरगरीब मोठ्या आजाराला शेवटी तिच्याच दारात येतात. आसपासच्या फूटपाथवर रात्री काढून सकाळच्या रांगेत नंबर लावणारी कुटुंबे तेथे कायमची दिसतात. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी या रुग्णालयाचे संगणक बंद पडले. नोंदणी, भेटीची वेळ, रक्ताचे अहवाल, दाखल करणे, घरी सोडणे, सारी कामे ज्या यंत्रणेवर चालत होती तीच उघडेना. आतली माहिती कोणी तरी कुलूपबंद करून ठेवली होती. या प्रकारच्या हल्ल्याला 'रॅन्समवेअर' म्हणतात. चोर घरातले सामान नेत नाही. सामान घरातच ठेवून त्याला स्वतःचे कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. सरकारने पुढे संसदेत जे सांगितले त्यानुसार पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती अशी कुलूपबंद झाली होती. सुमारे दोन आठवडे रुग्णालय कागद आणि पेन यांवर चालले. रांगा वाढल्या, अहवाल हाताने पोचवावे लागले. मोठ्यांच्या आजाराला दिल्लीत खाजगी रुग्णालये कमी नाहीत. फूटपाथवरच्या माणसाला थांबण्याखेरीज काय मार्ग होता?

हे घडले कसे? सरकारनेच दिलेले कारण मोठे बोलके आहे. संस्थेच्या संगणकजाळ्याचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते. ही तांत्रिक गोष्ट आपल्याला सहज समजेल. झोपडपट्टीत कुडाला कूड लागून झोपड्या असतात. एकीला आग लागली की सारी ओळ जळते. मध्ये मोकळी जागा किंवा भिंत असेल तर एकच घर जाते. संगणकांचेही तसेच आहे. चौकशीच्या खिडकीतला संगणक, प्रयोगशाळेतला संगणक आणि साऱ्या रुग्णांची नोंद ठेवणारा सर्व्हर यांच्यामध्ये भिंती पाहिजेत. खिडकीवरच्या कारकुनाच्या यंत्रात शिरलेल्या चोराला तेथून थेट कोठारापर्यंत जाता येऊ नये.

आणि एम्स सावरली कशी? त्याचेही उत्तर साधे आहे. एक राखीव प्रत हल्ल्यातून वाचली होती. तिच्यावरून माहिती नव्या सर्व्हरवर उतरविण्यात आली. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याचे मडके वेगळे असते. कितीही दुष्काळ पडला तरी त्याला हात लावीत नाहीत, आणि ते रोजच्या धान्याच्या कणगीत ठेवीत नाहीत. राखीव प्रतीचा नियम हाच आहे. जाणकार म्हणतात, माहितीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवा. मी त्यात एवढेच घालीन की बी उगवते की नाही हे पेरणीपूर्वी पाहतात, तसे त्या प्रतीवरून काम खरोखर सुरू करता येते की नाही हे अधूनमधून करून पाहावे. अनेक कचेऱ्यांत राखीव प्रत असते, पण ती उघडून कोणी पाहिलेली नसते.

परदेशांतील दोन घटनांतून आणखी दोन धडे मिळतात. आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर १४ मे २०२१ रोजी असाच हल्ला झाला. चौकशी-अहवालातून जे बाहेर आले ते आपण प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चोर त्या दिवशी शिरले नव्हते; ते आठ आठवडे घरातच होते. १८ मार्चला एका कर्मचाऱ्याने ईमेलसोबत आलेली एक एक्सेल फाईल उघडली, एवढेच निमित्त. ३१ मार्चला त्या यंत्रावरील विषाणुरोधक प्रोग्रामने धोक्याची नोंदही केली. पण तो केवळ पाहत राहण्यासाठी लावलेला होता, अडविण्यासाठी नव्हे. सरकारने खंडणी देण्यास नकार दिला. आठवड्याभरात हल्लेखोरांनी स्वतःहूनच किल्ली देऊन टाकली. तरी सारे सर्व्हर मोकळे व्हावयास सप्टेंबर उजाडला. खंडणी दिली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे पाहावे. किल्ली हाती असूनही चार महिने लागले.

दुसरी घटना मध्य अमेरिकेतील कोस्टारिका या छोट्या देशाची. २०२२ च्या एप्रिलमध्ये तेथील अर्थमंत्रालयाचे संगणक एका खंडणीखोर टोळीने बंद पाडले. ८ मे रोजी सत्तेवर आलेल्या नव्या राष्ट्राध्यक्षांना राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करावी लागली. महिनाअखेरीस दुसरा हल्ला सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेवर झाला. पगाराची यंत्रणा मोडल्यामुळे शिक्षकांचे पगार चुकले, रखडले आणि शिक्षक रस्त्यावर आले. या नियतकालिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. महिन्याची एक तारीख चुकली तर काय होते हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे परक्या टोळीने एखाद्या मंत्रालयावर केलेला हल्ला अखेर कोणाच्या चुलीपर्यंत येतो, हे यावरून दिसते.

हल्ल्याच्या वाटा फार गूढ नसतात. फसवे पत्र ही एक. सोपा किंवा अनेकांत वाटलेला पासवर्ड ही दुसरी. वेळेवर न लावलेले ठिगळ ही तिसरी. संगणकाच्या प्रोग्राममध्ये भोके सापडतात आणि ती बुजविण्यासाठी कंपनी दुरुस्ती पाठविते. तिला 'पॅच' म्हणतात, म्हणजे ठिगळच. २०१७ च्या १२ मे रोजी जगभर पसरलेल्या 'वॉनाक्राय' हल्ल्याने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना मोठा फटका दिला. ज्या भोकातून तो शिरला त्याचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. आपल्या आया फाटलेली गोधडी पावसाळ्यापूर्वी शिवीत. दोन महिने तशीच ठेवीत नसत. चौथी वाट म्हणजे एकाच वेळी लाखो खोट्या विनंत्या पाठवून संकेतस्थळाचे दार तुंबविणे. आणि पाचवी, आतला माणूस. या शेवटच्या वाटेला कोणताही प्रोग्राम पुरत नाही. तिला उपाय एवढाच, की प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच किल्ली द्यावी आणि त्याच्या हातून काय झाले याची नोंद राहावी.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळतो. कुलूप जितके मोठे तितके घर सुरक्षित, असे सरकारला वाटते. हे सर्वस्वी खरे आहे काय?

माझ्या आजोबांनी सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा दिला होता. वर काय लिहिले गेले ते घरात कोणालाच वाचता आले नाही. आज अंगठाच ओळख झाला आहे. रेशनच्या दुकानात अंगठा, बँकेच्या प्रतिनिधीकडे अंगठा. पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. २०१८ साली तेलंगणात असे उघडकीस आले की एका माणसाने जमीन-नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून दस्तऐवजांच्या प्रती उतरविल्या, त्यांवरील अंगठ्यांवरून रबरी ठसे बनविले आणि त्या ठशांवर सिमकार्डे चालू केली. एका सरकारी खात्याने अंगठा किल्ली म्हणून वापरावयाचा आणि दुसऱ्याने त्याच अंगठ्याचे चित्र सर्वांसाठी मांडून ठेवावयाचे, याला संरक्षण कसे म्हणावे? आधारमध्ये अंगठ्याला कुलूप लावून ठेवण्याची सोय आहे. आपल्या वस्त्यांत ती किती घरांना माहीत आहे?

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. वीट, गिट्टी, ऊस आणि झाडू यांत ज्यांचे हात झिजले, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच पुसट होतात. यंत्र म्हणते, हा माणूस तो नव्हे. ज्याचा मोबाईल हरवला त्याला ओटीपी येत नाही. ज्याच्या नावातले एक अक्षर दोन कागदांवर वेगळे पडले त्याचा अर्ज परत येतो. चोराला अडविण्यासाठी लावलेले कुलूप मालकालाच घरात घेईनासे झाले तर त्याला काय म्हणावे? वर जी 'हजर राहण्याची' कसोटी सांगितली, ती येथेही लावली पाहिजे. हल्लेखोराने सेवा बंद पाडली आणि खात्याच्या अविचारी नियमाने बंद पाडली, या दोहोंत उपाशी माणसाच्या दृष्टीने फरक नाही. केंद्राच्या अन्न खात्याने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळविले होते की आधार नसल्यामुळे किंवा अंगठा न जुळल्यामुळे कोणालाही धान्य नाकारू नये. हे पत्र दुकानदाराच्या फळ्यावर लावलेले मी तरी पाहिलेले नाही. म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येक डिजिटल सेवेला कागदाची एक वाट जोडलेली असलीच पाहिजे. एम्सलाही दोन आठवडे कागदानेच तारले. कागदाची वाट म्हणजे मागासलेपण नव्हे. तो संरक्षणाचाच भाग आहे.

मग जबाबदार कोण? आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. हल्ल्यांची दखल घेणारी 'सर्ट-इन' ही केंद्रीय संस्था २००४ पासून काम करते; २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशाने कोणताही हल्ला सहा तासांच्या आत तिला कळविणे आणि यंत्रणेची रोजनिशी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्यात माहिती फुटली तर ज्याची ती आहे त्याला कळविण्याचे बंधन आहे, ही चांगली गोष्ट. रक्षणात कुचराई केल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु तो दंड जातो कोठे? भारताच्या संचित निधीत. ज्या म्हातारीचा खातेनंबर फुटला तिला नुकसानभरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. शिवाय सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्याच संस्थांना अधिसूचनेने या कायद्यातून वगळण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. म्हणजे घर आमचे, चोरी आमच्या घरी, आणि दंड जमा व्हावयाचा तिसरीकडेच.

चूक दाखविणाऱ्याशी सरकार कसे वागते हीही एक कसोटी आहे. २०१८ च्या जानेवारीत 'ट्रिब्यून' या वृत्तपत्राने पाचशे रुपयांत आधारधारकांचे तपशील पाहण्याची वाट विकत मिळते असे छापले. आधार प्राधिकरणाने माहिती फुटल्याचे नाकारले आणि पोलिसांकडे जी तक्रार दिली तीत त्या वार्ताहराचेही नाव घातले. आता एस्टोनियाकडे पाहा. २००७ साली या छोट्या देशावर संकेतस्थळे तुंबविणारा मोठा हल्ला झाला होता. पुढे २०१७ साली तेथील ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष असल्याचे संशोधकांनी कळविले. साडेसात लाखांच्या आसपास कार्डांचा प्रश्न होता. सरकारने ते स्वतः जाहीर केले आणि कार्डांची दुरुस्ती केली. त्या देशात आपली नोंद कोणत्या खात्याने केव्हा पाहिली हे नागरिकाला स्वतः पाहता येते. माझ्या मते आपण मागावी अशी पहिली गोष्ट हीच आहे. इतके दिवस दप्तर आम्हाला पाहत आले. आमचे दप्तर कोण पाहतो हे आम्हालाही दिसू द्या.

घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बोलताना बाबासाहेबांनी बजावले होते, की घटना कितीही चांगली असली तरी ती राबविणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. यंत्रणेलाही हे लागू आहे. आणि राबविणाऱ्यांत आपणही आहोत, हे कबूल केले पाहिजे. त्या विद्यार्थिनीच्या वहीची हकिगत ऐकून मी दुकानदाराला मनात दोष देत बसलो होतो. समोर कपाटाला एक चिठ्ठी चिकटविलेली होती. तिच्यावर आमच्या समितीचा पासवर्ड होता: महाविद्यालयाचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तिघेजण तो वापरीत होतो. शेकडो मुलांचे दाखले त्या चिठ्ठीच्या आड होते आणि ती चिठ्ठी मीच लावली होती. मी ती फाडली, पासवर्ड बदलला. आमचे लिपिक नाराज झाले. म्हणाले, "सर, तुम्ही रजेवर असलात की मुलांचं काम अडणार." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. उपाय एकच होता: प्रत्येकाला वेगळी किल्ली. तसा लेखी अर्ज वर पाठविला. उत्तर यावयाचे आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी काय करावे? प्रश्न विचारावेत. माहितीच्या अधिकारात विचारावेत, ग्रामसभेत विचारावेत. या संकेतस्थळाची सुरक्षा-तपासणी शेवटची केव्हा झाली? राखीव प्रतीवरून काम सुरू करून पाहिले आहे काय? यंत्र बंद पडले तर धान्य, दाखला, औषध कोणत्या कागदावर मिळेल? बंद पडलेले दिवस अर्जाच्या मुदतीत वाढवून मिळतील काय? जेवढी माहिती लागते त्याहून अधिक का मागता? जी माहिती घेतलीच नाही ती चोरीलाही जात नाही, हे संरक्षणाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. आणि वस्तीवस्तीत, अभ्यासिकांतून, बुद्धविहारांतून मुलांना स्वतःचे खाते स्वतः उघडावयास शिकवावे. दोन तासांचे काम आहे. आपण रात्रशाळा चालविलेल्या लोकांची मुले आहोत. हे आपल्याला जड जाऊ नये.

त्या विद्यार्थिनीचा अर्ज अखेर भरला गेला. नंबर बदलून घेण्यासाठी लेखी अर्ज, महाविद्यालयाचे पत्र आणि जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खेपा एवढे सारे करावे लागले. मुदत वाढली म्हणून जमले. त्याच वस्तीतल्या, त्याच वहीत नाव असलेल्या आणखी दोघांची मी वाट पाहत होतो. ते आले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले, फॉर्म उघडत नाही म्हटल्यावर त्यांनी फी भरावयाची कोठून म्हणून कॉलेजच सोडले होते. एक ऊसतोडीला गेला आहे. दुसऱ्याचा पत्ता अजून लागलेला नाही.